नावाचा रकाना

आत्याची ट्रंक आता माझ्याकडे आहे.
तिच्या सांध्यांतून अजून राख निघते.
काळी, खरखरीत; चुलीतल्या राखेसारखी मऊ नव्हे.

फायाल बेटाच्या पश्चिम टोकाला
आधी समुद्र उकळला, मग ओकू लागला,
आणि दीपगृहाचा खालचा मजला
तेरा महिन्यांत गाडला गेला.
"पाऊस येतोय समजून चादरी काढायला धावले," आत्या सांगायची,
"पांढऱ्या घातल्या होत्या वाळत. काळ्या आणल्या आत."
ज्वालामुखीबद्दल ती याहून जास्त बोलली नाही.
विकलेल्या गाईबद्दल मात्र तासभर बोलायची.

अमेरिकेने दार किलकिलं केलं.
बाबा पुढे आले, ती मागाहून,
फॉल रिव्हरच्या दगडी गिरणीत
पडद्यांना काठ शिवायला.
उतरल्यावर कारकुनाने विचारलं, नाव?
इदालीना, ती म्हणाली. दोनदा म्हणाली.
त्याने लिहिलं, एडलिन.
मग पगाराच्या पाकिटावर एडलिन, दवाखान्यात एडलिन,
आणि मुकादमीण मादाम थिबो लांबूनच ओरडायची, एडी!
आत्या मान वर करायला शिकली,
गाय शिकते तशी, नव्या मालकाकडे.

परीक्षेची तयारी मी करून घेतली. मी नऊ वर्षांची,
स्वयंपाकघरात, कोबीच्या सुपाच्या वाफेत.
झेंड्यावर पट्टे किती?
"तेरा. कडा धरून चौदा शिवणी."
सिनेटर किती?
"शंभर. गिरणीत बायका चारशे,
आणि संडास दोन."
हे तिथे बोलू नकोस, मी बजावलं.
वेळ पडली तर देशासाठी शस्त्र उचलाल?
तिच्या हातात कात्री होती.
"विचार त्यांना, हीच चालेल का."

शपथेपाशी मात्र अडली.
परक्या राजांशी, परक्या राज्यांशी असलेलं
सगळं इमान मी सोडते...
"राजा तर माझ्या जन्माआधीच गेला," ती म्हणाली.
"पण आईची कबर? ती कुठल्या राजात धरायची?"
पुस्तिकेच्या मागे उत्तरं छापलेली होती.
मी शोधलं. खरंच शोधलं.

फेब्रुवारी. रस्त्याच्या कडेला मळून काळा पडलेला बर्फ.
कोर्टाच्या वाटेवर ती दोनदा थांबली,
बुटाच्या टोकाने तो उकरून
आत पांढरं आहे ना, बघून घेतलं.

अर्जावर एक रकाना होता: नाव बदलायचे असल्यास.
आमच्या पुढचा पेरैरा तिथल्या तिथे पेरी झाला,
टोपी हातात धरून हसला, जरा लाजून.
कारकूनबाई म्हणाली, तुमचं बरंय, एडलिन,
तुम्हाला काही करायलाच नको.
आत्याने पेन मागितलं.
चारच यत्ता शिकलेली. अक्षरं काढायची तीही
उलटी टीप घातल्यासारखी, एक पाऊल पुढे, अर्धं मागे:
इदालीना दा कोंसेइसाँव दुत्रा.
रकाना संपला, नाव उरलं.
उरलेलं तिने समासात लिहिलं.
"हे नवीन नाव?"
"नवीन," आत्या म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं."

शपथ घेताना तिचा हात वर होता, ओठ हलत होते.
मी अगदी शेजारी उभी होते म्हणून ठाऊक आहे,
एका ओळीला ते हलले नाहीत.
कुठल्या, ते मी सांगणार नाही.
सरकारी कागद तिच्या मागे उरलाय अजून, उगाच भानगड नको.

सोमवारी गिरणीत मादाम थिबो ओरडली, एडी!
आत्याने मान वर केली. सवयीने.
मग खाली घातली,
आणि ओवलेल्याच सुईत
पुन्हा दोरा ओवत बसली.